बंड्याची पंगत

माझ्या वहिनीला ड्रॅगन आवडतो आणि ड्रॅगनला माझी वहिनी आवडते. मध्यंतरी काही दिवस मला दोघंही आवडत नव्हती.

ड्रॅगन कॉम्प्युटरवरच्या खेळातला आहे, हे आधीच सांगून टाकते. आमच्या आगरदांड्यात बातमी फेरीबोटीच्या आधी पलीकडे दिघीला पोचते, उगाच गैरसमज नको. तर खेळ असा: डोंगर पोखरून किल्ला बांधायचा. राबायला दाढीवाले बुटके असतात. ते खाणी खणतात, भिंती रचतात, कोठार भरतात. सगळं छान चाललेलं असतं आणि एक दिवस आभाळातून ड्रॅगन येतो. मग जळण्यासारखं जे असेल ते जळतं. (दगडही जळतो. कसा, ते मला विचारू नका.)

मी मुळात फार बोलत नाही. इंग्रजी शाळेत मागच्या बाकावर गप्प बसायची सवय लागली, ती मी घरीही घेऊन आले. माणसांशी बोलण्यापेक्षा बुटक्यांना हुकूम सोडणं सोपं. लॅपटॉपचा पडदा गेल्यापासून तो बैठकीतल्या टीव्हीला जोडलेला होता, त्यामुळे माझं राज्य आईच्या दोन मालिकांच्या मधल्या वेळात सगळ्यांदेखत चालायचं. पण बघायचं कुणी नाही. बाबांनी एकदाच विचारलं, "या बुटक्यांना पगार किती?" उत्तर ऐकायला ते थांबले नाहीत.

मग दादाचं लग्न झालं आणि शुभदावहिनी आली.

वहिनी हरिहरेश्वरची. माहेरची खानावळ. अनोळखी माणसाला "अजून एक सुरमईची तुकडी घ्या, तुमच्यासाठीच ठेवलीय" असं म्हणत ती लहानाची मोठी झाली. महिनाभरात तिला फेरीवरच्या खलाशांची नावं, त्यांच्या बायकांची नावं आणि कुणाच्या गुडघ्याला काय झालंय ते सगळं पाठ! मी त्या खलाशांना जन्मापासून ओळखते. म्हणजे मान हलवते. ते माझ्याकडे बघतायत अशी खात्री नसेल तेव्हा.

तरी मी म्हटलं, असू दे. माणसं तिची, किल्ला माझा.

एकदा मी आंघोळीला निघाले होते. वहिनी टीव्हीसमोर लसूण सोलत बसली होती.

"वहिनी, जरा लक्ष ठेव. ड्रॅगन आला तर इथे दाब. मोठाले बाण सुटतात."

डोकं पुसत परत आले, तर ड्रॅगन किल्ल्याच्या दारात मांजरासारखा पाय दुमडून बसलेला. काहीही जळत नव्हतं!

"तू काय केलंस?"

"बाण सापडले नाहीत गं. मग म्हटलं, आधी जेवायला वाढू. कोठारात सुकी मासळी होती ना, ती त्या बुटक्या स्वयंपाक्याच्या हातून पाठवली."

"वहिनी, तो शत्रू आहे!"

"कसला शत्रू! उपाशी होता. आमच्याकडेपण लोक उन्हातून आले की आधी भांडतातच. पोटात दोन घास गेले की गप्प पाणी मागतात." तिने लसणीचं साल फुंकरीने उडवलं. "फक्त पहिल्या दिवशी पोटभर, मग मोजून. नाहीतर हेच लोक पुढच्या वेळी बस भरून माणसं आणतात."

आता ड्रॅगनविषयी हिच्याकडून शिकायचं? मी, जिने त्याच्यापायी खंदक खणले, दगडी दारं बसवली, बुटक्यांची एक अख्खी पिढी गमावली! मी ते वाक्य टॉवेलबरोबर वाळत टाकलं.

ड्रॅगन पाळता येतो हे मला माहीतच नव्हतं. एकदा पाळला की तो किल्ल्यातल्या एकाच बुटक्याला आपला मानतो आणि त्याच्या मागे मागे फिरतो. माझ्या सेनापतीचं नाव होतं 'मिनू', म्हणजे मीच. सोनेरी चिलखत, उंच बुरूज, सगळा थाट. ड्रॅगनने निवडला तो स्वयंपाकी. वहिनीने त्याचं नाव बदलून 'शुभदा' ठेवलं. (दाढी तशीच राहिली.)

आणि घर बदललं! ज्या किल्ल्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, त्याच्यासमोर आता सगळे मांडी घालून बसायला लागले. बाबांनी ड्रॅगनचं नाव बंड्या ठेवलं. माझं नाव ठेवताना त्यांनी म्हणे आत्याला सांगितलं होतं, "तुला सुचेल ते ठेव." दादा दिघीच्या बंदरावरून ड्यूटी करून यायचा तो चपला काढायच्या आत विचारायचा, "बंड्या काय म्हणतोय?" आणि आई, माझी सख्खी आई, एका सकाळी मला म्हणाली, "अगो, बंड्या जेवला काय?"

"मी नाही जेवलेय अजून."

"तुझं तू घे वाढून. त्याला हात आहेत काय?"

मी माझं ताट वाढून घेतलं. एका सरड्याचा एवढा हेवा करणारी मुलगी रायगड जिल्ह्यात दुसरी नसेल.

तेवढ्यात दिवाळी आली. दिवाळीत गावात किल्ल्यांची स्पर्धा असते. अंगणात दगडमातीचे किल्ले करायचे, वर अळीव पेरायचं, मावळे मांडायचे आणि परीक्षकांनी घरोघर फिरायचं. यंदा मंडळाने जाहीर केलं की कॉम्प्युटरवरचा किल्लाही चालेल. मी नाव दिलं. कधी नव्हे ती मी केलेली गोष्ट चार लोक बघणार होते. त्यांनी किल्ला बघावा, मिनूने बांधला म्हणावं, एवढंच मला हवं होतं. आणि बंड्याने त्यांच्यासमोर एकदा, फक्त एकदा, माझ्या मागे चालावं.

परीक्षक यायच्या दिवशी सकाळी वहिनी स्वयंपाकघरात चकल्या तळत होती. मैदान मोकळं होतं. सेनापती मिनूला मी बुरुजावरून खाली आणलं आणि कोठाराचं दार सताड उघडलं. सुकी मासळी, खारवलेलं मटण, चीज, होतं नव्हतं ते सगळं बंड्यापुढे ओतलं. तो खात सुटला. खाऊन झाल्यावर त्याने मान खाली घातली आणि माझ्या सेनापतीच्या पायाशी डोकं टेकलं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग तो पंख पसरून उडून गेला.

आणि दारात आवाज आला, "किल्लेदार आहेत का घरात?"

परीक्षक म्हणजे नाना गुरुजी, निवृत्त शिक्षक. त्यांनी आयुष्यभर पोरांना किल्ले चढायला लावले. ते चष्मा सावरत टीव्हीसमोर बसले.

"वा! तट भक्कम आहे. चोरवाट कुठे काढलीस?"

"येस सर," मी म्हणाले.

"पाण्याची टाकी किती?"

"येस सर."

बाबांनी कपाळाला हात लावला. मी धीर करून तोंड उघडणार, तेवढ्यात गुरुजींनी पडद्याकडे बोट दाखवलं. "हे कोण येतंय?"

बंड्या येत होता. त्याच्यामागे त्याच्याहून मोठी एक. त्यांच्यामागे एक म्हातारा, दोन जाडे आणि लहान पिल्लांचं लेंढार. बस भरून!

"वहिनीऽऽऽ!"

माझा एवढा मोठा आवाज घरात कुणी ऐकला नव्हता. आई देवघरातून धावत आली. वहिनी हातात झारा घेऊनच आली आणि एका नजरेत तिला सगळं कळलं.

"पोटभर वाढलंस?"

मी मान हलवली.

"दुसऱ्यांदा?"

मी परत मान हलवली.

"बरं. आता घाबरू नको. पंगत बसव. तटाच्या कडेने ओळीत ताटं मांड. ताट दिसलं की माणूस बसतो."

मी ताटं मांडली. आणि खरंच, अख्खं खानदान तटाला टेकून रांगेत बसलं! पिल्लं मधे, म्हातारा कोपऱ्यात. गुरुजी पुढे सरकले. "शिस्त आहे हो!"

"आता वाढ," वहिनी म्हणाली.

"काय वाढू? कोठार रिकामं आहे."

वहिनीने माझ्याकडे असं बघितलं, की झारा माझ्यासाठीच आणला होता की काय असं वाटलं. "सगळं त्याला एकट्याला घातलंस? का गं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एरवी मी आत पळाले असते.

"तो नुसता तुझ्याच मागे फिरतो म्हणून," मी म्हणाले.

पडद्यावर म्हाताऱ्या ड्रॅगनने रिकामं ताट उलटं करून बघितलं.

"मशाली विझव," वहिनी पटकन म्हणाली. "दार लाव. आम्ही जेवण संपलं की हेच करतो. अंधार दिसला की जातात, थोडी बडबड करून."

मशाली विझल्या. दार लागलं. ड्रॅगन उठले, घिरट्या घालून निघालेही. पण जाता जाता त्यांनी थोडी बडबड केली. त्यात भटारखाना, उत्तरेचा तट आणि सेनापती मिनूचा बुरूज, पायथ्याशी उभ्या सेनापतीसकट, जळून गेला. स्वयंपाकी शुभदा मात्र ठणठणीत. दाढीचा केसही वाकडा नाही!

गुरुजींनी चष्मा पुसून पुन्हा एकदा धूर बघितला. मग म्हणाले, "दाणागोटा संपला की किल्ला पडतो, हे मी इतकी वर्षं वर्गात सांगत आलो. आज डोळ्यांनी पाहिलं." मग ते वहिनीच्या दोन चकल्या खाऊन गेले.

पहिला नंबर शेजारच्या आळीतल्या मातीच्या किल्ल्याला गेला. मला उत्तेजनार्थ स्टीलची बाटली मिळाली. वहिनीसाठी गुरुजींनी आयत्या वेळी 'उत्कृष्ट किल्लेदार' असं नवंच बक्षीस काढलं. तिने स्पर्धेत नावसुद्धा दिलं नव्हतं! बक्षीस समारंभाहून घरी येताना तिने तो करंडक माझ्या हातात कोंबला.

"धर. किल्ला तुझाच की. मी आपली वाढपी."

मला राग आला. एवढं चांगलं वागलं की हेवा करायलाही जागा उरत नाही.

भाऊबीजेला ती हरिहरेश्वरला गेली. मी जळका तट बांधायला घेतला. एका संध्याकाळी बंड्या एकटाच परत आला आणि भटारखान्याच्या राखेत बसला. मी मोजून वाढलं. त्याने खाल्लं आणि पडद्यातून माझ्यापलीकडे, आमच्या घराच्या दाराकडे बघत राहिला. मीपण तिकडेच बघत होते. शेवटी फोन लावला. आपण होऊन कुणाला फोन लावायची माझी पहिलीच वेळ असेल.

"वहिनी, कधी येतेस?"

"का गं? आठवण येतेय?"

"मला नाही. बंड्याला."

"हो का!" ती हसली. मागून ताटांचा खणखणाट आणि कुणाचं तरी "ताई, सोलकढी!" ऐकू आलं. "थांब हां मिनू, पुण्याचे पाहुणे आलेत, जरा वाढून येते." आणि फोन बंद.

त्या पाहुण्यांवर मी तिथल्या तिथे ड्रॅगन सोडला असता. पण तो माझं ऐकतो कुठे!