वैशालीचं ग्राफिक्स कार्ड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. ऐकून तुम्ही म्हणाल, एवढंच? हो, एवढंच. एका केबलची गोष्ट आहे.

सोनईत आमचं एकत्र कुटुंब. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. घरात माउस अडला तरी हाक मलाच — आणि खरं सांगू? मला ते फार आवडायचं. मग धाकटी जाऊ आली, वैशाली. ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेली. बांधायचं घर ती स्क्रीनवर असं उभं करायची, की सासरे खुर्ची ओढून बघत बसायचे. माझं काम बघायला कुणी कधी खुर्ची ओढली होती?

नेवाशाच्या एका इंजिनिअरने तिला घरबसल्या काम द्यायचं कबूल केलं. सोमवारपर्यंत नमुना हवा होता. पण घरातला कॉम्प्युटर जुना, डबा एवढासा. चित्र फिरवायला गेलं की अडकायचं. तिने त्यात मावेल असं छोटं ग्राफिक्स कार्ड नगरहून आणलं — मला न विचारता. व्हिडिओ बघत, शिलाई मशीनच्या स्क्रूड्रायव्हरने स्वतःच बसवलं. आणि स्क्रीन काळी.

"ताई, बघता का जरा? माझंच कायतरी चुकलं हाय."

मी डबा वळवला आणि — कळलं. पहिल्याच नजरेत. मॉनिटरची केबल तिने जुन्याच जागी ठेवली होती. कार्ड बसवलं की ती कार्डाला जोडायची. जुन्या जागेतून मग चित्र येत नाही. बाकी सगळं तिने अगदी बरोबर केलं होतं. केबल काढून बोटभर खाली लावायची, बस्स.

मी काय केलं? रॅम काढली. खोडरबरने घासली. फुंकर मारली. तासभर नाटक केलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "या डब्याला हे कार्ड चालणारच नाही. विचारायचं तरी होतंस."

"नसते उद्योग कशाला करावं, म्हन्ते मी," सासूबाई म्हणाल्या.

त्या क्षणी जळफळाट झाला, असं म्हणून सुटता आलं असतं. पण दुसऱ्या दिवशी कार्ड परत करायला मीच गेले — आणखी कुणी तपासायला नको म्हणून. दुकानदाराने लावून दाखवलं. "मॅडम, कार्ड चांगलंय की." मी म्हणाले, असू द्या, आम्हाला नको. येताना एसटीत मला वाईट वाटलं असेल, असं वाटतं तुम्हाला? बरं वाटत होतं.

सोमवार गेला. काम दुसऱ्याला मिळालं. वैशालीने त्यानंतर कॉम्प्युटरला हात लावला नाही. याला सात वर्षं झाली.

परवा तिच्या मुलीला शाळेसाठी कॉम्प्युटरवर घर काढायचं होतं. ती आईकडे गेली. वैशाली भाकरी थापत होती. हसून म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं? जा, मोठ्या आईकडं जा."

पोरगी आली. मी तिला शेजारी बसवलं. भिंती काही केल्या सरळ येईनात — मला तरी कुठे ते येतं? जिला येतं ती दोन पावलांवर, चुलीपाशी होती. मी तिला हाक मारली नाही.