होतं त्यांचं

पहिल्या वेळी त्या नर्सला अलकाने चहाबरोबर पोह्यांचा चिवडा दिला आणि तिथेच सगळं बिघडलं, असं शाल्मलीचं म्हणणं. घर झाडूनपुसून लख्ख, पडदे धुतलेले, नवरा पद्माकर कडक इस्त्रीच्या शर्टावर टाय लावून खुर्चीत. बाई आली होती ती या माणसाला किती काळजी लागते हे तपासायला, आणि आईने तिच्यापुढे मुलगी बघायला आल्यासारखा थाट मांडला होता.

शाल्मली बर्मिंगहॅमला अकाउंटंट आहे. तिने नियम आईला फोनवर शांतपणे समजावून सांगितला होता. आजारपणामुळे माणसाला सतत काळजी लागत असेल तर तिचा खर्च एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, करते. नुसतं म्हातारपण असेल तर आधी तुमची शिल्लक संपवायची, मग कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, बघणार. अलकाने विचारलं होतं, आजार कुठे संपतो आणि म्हातारपण कुठे सुरू होतं हे कोण ठरवणार. तर ते ती चहा प्यायलेली बाई ठरवणार होती.

बाई मोठी गोड होती. तिने एकेक गोष्ट विचारली. आंघोळ?

"बाथ इज डन," अलका म्हणाली.

जेवण? ईटिंग इज डन. कपडे, औषधं, रात्रीची झोप? तेही होतं. सगळं होतं त्यांचं.

अलकाचं इंग्रजी काही वाईट नाही. लेस्टरमध्ये बावीस वर्षं तिने होजियरीच्या कारखान्यात लोकरी जंपरच्या बाह्या जोडल्या, सुपरवायझरशी इंग्रजीत भांडली, शेजारच्या मशीनवरच्या गुजराती बायकांशी तिसऱ्याच भाषेत हसली. पण त्या दिवशी तिने मराठी वाक्याला नुसता इंग्रजी कोट चढवला. आंघोळ होते. जेवण होतं. वाक्यात आंघोळ आहे, जेवण आहे, घालणारी बाई मात्र कुठेच नाही. मिरजेला तिची आई असंच बोलायची. स्वयंपाक झाला, धुणं झालं, पोरांचं झालं. जणू काही घर आपलं आपण चालतंय.

नर्सने मान डोलावत लिहून घेतलं. महिन्याभराने नकार आला. सगळ्या गरजा नीट भागत आहेत म्हणे.

"आई, तू त्यांना खोटा सांगितलास," शाल्मली म्हणाली. ती इथेच जन्मली, इथेच वाढली. तिची सगळी मराठी नामं आपापल्या मर्जीने लिंग बदलत असतात.

"खोटं नाही सांगितलं. होतंच होतं सगळं."

"पण कोण करतं ते नाही सांगितलास."

कसं सांगणार? शेजारच्या खुर्चीत तो बसला होता ना. पद्माकर हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये सीनिअर टेक्निशियन म्हणून निवृत्त झालेला माणूस. सगळी लॅब त्याला पॅट म्हणायची, आणि डॉक्टर मंडळीही रिपोर्टबद्दल शंका आली की 'आस्क पॅट' म्हणायची. पार्किन्सन्सने त्याचे पाय धरले होते, पुढे डोकंही धरलं होतं, पण तेव्हा इंग्रजी शब्दन् शब्द कळत होता. त्याच्यादेखत परक्या बाईला काय सांगायचं? की दाराच्या उंबऱ्याशी याचे पाय गोठतात, मग मी माझं पाऊल आडवं ठेवते, ते ओलांडायला म्हणून तो पाऊल उचलतो? की आंघोळ घालताना मीच आधी भिजते? की याला शी झालेली कळत नाही? तो टाय लावून बसला होता. टाय तिनेच बांधला होता, पण ते त्या बाईला कुठे माहीत.

नकारानंतर शिल्लक वितळायला लागली. सकाळी अर्धा तास एजन्सीची मुलगी येई. दर खेपेला नवी. निम्मा वेळ टॉवेल कुठे, कपडे कुठे हे विचारण्यात जाई, आणि बिल मात्र पूर्ण अर्ध्या तासाचं. बाकीचे साडेतेवीस तास अलकाचे, ते बिनबिलाचे.

आणि मग तिला पद्माकरचा राग यायचा. ते जास्त वाईट होतं, कारण त्याच्यावर रागवायचं म्हणजे भिंतीवर रागवण्यासारखं. नोकरीत असताना दर महिन्याला तो पगाराच्या स्लिपवरची नॅशनल इन्शुरन्सच्या कपातीची ओळ तिला बोटाने दाखवायचा. "हे बघ. आपल्या म्हातारपणाची सोय." मराठी मंडळातली माणसं वकिलाकडे जायची, वेळेवर कागद करायची, कुणी पुण्यात फ्लॅट घेऊन ठेवला. पद्माकर हसायचा. आपल्याला काय घाई आहे, आपल्याकडे एनएचएस आहे. शाल्मलीने पॉवर ऑफ अॅटर्नीचं काढलं तेव्हा म्हणाला, मी काय मेलोय का. हॉस्पिटलात उभा जन्म काढलेल्या माणसाला हे माहीत नसावं, की हॉस्पिटल फुकट असतं, पण हॉस्पिटलातून घरी आल्यावरचं आयुष्य विकत असतं? आणि अलकाने तरी का विचारलं नाही? कारखान्यात प्रत्येक बंडलाचं तिकीट फाडून ती स्वतःच्या वहीत चिकटवायची. जिने शिवलं तिचं तिकीट, तिचे पैसे. तिथे कुणी 'बाह्या जोडल्या गेल्या' म्हटलं असतं तर तिने कात्री फेकून मारली असती.

मंडळातली देवयानी भेटली की म्हणायची, नशीबवान आहेस, मुलगी जवळ आहे. अलका म्हणायची, हो ना, आणि घरी येऊन भांडी आपटायची.

त्यातच अलकाचं स्वतःचं निघालं. अंग खाली आलं होतं. सर्जनबाईने तपासलं आणि विचारलं, घरी काही जड उचलता का? अलका म्हणाली, नवरा. बाई हसली, मग हसायची थांबली. ऑपरेशन लागेल, त्यानंतर दोन-तीन महिने काहीही उचलायचं नाही. अलकाने तारीख पुढे ढकलली. पुन्हा एकदा ढकलली. तिने पलंग धरला तर याला नर्सिंग होममध्ये ठेवावं लागणार. तिथला आठवड्याचा आकडा ऐकून ती फोनवर म्हणाली होती, अहो, मी आठवड्याचा विचारतेय, वर्षाचा नाही. खर्चापोटी घराला कुणी हात लावणार नाही, तू राहतेस ना त्यात, असं शाल्मली सांगायची. पण उरलेली शिल्लक गेल्यावर त्या घरात हीटिंग कशाने लावायचं, हे कुणी सांगत नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात घास भलतीकडे गेला आणि पद्माकरला न्यूमोनिया झाला. वॉर्डमध्ये त्याला कुशीवर वळवायला दोन नर्स यायच्या. दोघींशिवाय हात लावायचा नाही, असा तिथला नियमच होता. अलका बाजूला उभी राहून बघायची. दोघी. धडधाकट, पंचविशीतल्या, हातमोजे घातलेल्या दोघी. तिचं बाहत्तरावं चालू होतं आणि अंग पायांच्या मधे येत होतं. त्या वॉर्डनेच काळजीच्या खर्चासाठी पुन्हा मूल्यमापन करा म्हणून कळवलं.

पद्माकर वाचला, पण तापात त्याचं इंग्रजी गेलं. सगळंच. घरी आल्यावर टीव्हीवरची बातमी लागली की तो अलकाकडे बघायचा, ही माणसं काय म्हणतायत गं? उरलं ते मिरजेचं मराठी. अलकाला त्याचाही राग आला. चाळीस वर्षांचा पॅट एका आठवड्यात पुसून टाकला, आणि तिच्या पदरात पुन्हा लग्नाच्या वेळचा मुलगा दिला, फक्त पाय न चालणारा.

मूल्यमापनासाठी शाल्मली आदल्या रात्रीच येऊन राहिली. तिने सूचना दिल्या. चहा नाही. चिवडा तर नाहीच. आणि बाबांचा सकाळचा टी-शर्ट बदलायचा नाही, त्यावर पॉरिज सांडलेलं आहे, ते दिसू दे.

अलकाने ऐकून घेतलं. बेल वाजायला पाच मिनिटं असताना तिने पद्माकरचा टी-शर्ट काढला आणि निळा शर्ट चढवला.

"आई, प्लीज."

"माझ्या नवऱ्याला भिकाऱ्यासारखा बसवून मी काही मागणार नाही. मागायचं ते तोंडाने मागेन."

दोघीजणी आल्या, एक नर्स आणि एक सोशल वर्कर. चहा मिळाला नाही, म्हणून त्या आपल्याच बाटल्यांतलं पाणी प्यायल्या. नर्सने पद्माकरकडे पाहिलं, पांढरे केस नीट विंचरलेले, नखं कापलेली, आणि ती मनापासून म्हणाली की मिस्टर हसबनीसांची किती छान काळजी घेतली जातेय.

घेतली जातेय. अलकाच्या कानात ते इंग्रजी वाक्य मराठीत वाजलं. तिथेही बाई नव्हती.

नर्सने विचारलं, आंघोळ? अलकाच्या जिभेवर 'होते' तयार होतं. इतकी वर्षं तिथेच मुक्काम होता त्याचा. शाल्मलीने घसा खाकरला. अलकाने पद्माकरकडे पाहिलं. तो दोन्ही बायकांकडे आळीपाळीने बघत होता, परक्या गावी उतरलेल्या पाहुण्यासारखा. त्याला एक अक्षर कळत नव्हतं. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की जे गेलं म्हणून ती इतकी चिडली होती, त्याचं जाणंच आज आडोसा झालं होतं. त्याच्या शेजारी बसून, त्याला न दुखवता, तिला हवं ते बोलता येणार होतं.

"आय," ती म्हणाली आणि थांबली. वाक्याची सुरुवात इतकी छोटी असते हे तिला माहीत नव्हतं.

मग ती इंग्रजीत बोलत राहिली. मी त्यांना उठवते. मी त्यांना धुते. दिवसातून तीनदा, कधी चारदा. घास मी पातळ करते, हनुवटी मी खाली धरते, गिळल्यावर घशाला हात लावून मी बघते, कारण एकदा नाही बघितलं तेव्हा ते मरता मरता वाचले. रात्री त्यांना खोलीत माणसं दिसतात, ते मला चोर समजतात. तिने बांगड्या वर सारून काळंनिळं मनगट दाखवलं. शाल्मलीने ते पहिल्यांदाच पाहिलं. अलकाने आवाज चढवला नव्हता, पण प्रत्येक वाक्य ती टेबलावर ठेवल्यासारखं ठेवत होती.

नर्सने ऐकून घेतलं. मग जपून म्हणाली, हे सगळं ऐकून वाईट वाटतं, पण आत्ता तरी या गरजा मॅनेज होत आहेत, असं दिसतं.

"होत नाहीत," अलका म्हणाली. "मी करते. गरज कुठे गेलेली नाही. मी तिच्यावर बसून आहे. मी उठले की ती उठेल. आणि मला आता उठायचंय, माझं ऑपरेशन आहे. माझ्याच अंगाचा एक भाग बाहेर यायला लागलाय, ते पण लिहा. वॉर्डमध्ये यांना दोन नर्स लागत होत्या. इथे मी एकटी आहे म्हणून ते कमी आजारी झाले का?"

सोशल वर्करने नर्सकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, की नीट सांभाळलेली गरजसुद्धा गरजच धरायची असते, नियमातच आहे तसं. नर्स म्हणाली, हो, आहे. मागचं लिहिलेलं तिने खोडलं नाही, पण खाली नव्याने लिहायला लागली आणि पहिल्यांदाच विचारलं, "तुम्ही हे कधीपासून करताय?"

नियमातच होतं. अलकाला सगळ्यात जास्त चीड आली ती याची. पहिल्या वेळीही नियमात असणारच. चिवडा खाताना कुणाला आठवला नव्हता.

त्या गेल्यावर पद्माकरने तिची ओढणी धरली.

"कुणाशी भांडत होतीस गं?"

"भांडत नव्हते."

"आवाज कळतो मला. कारखान्यातून यायचीस तेव्हा असाच असायचा." त्याने दाराकडे पाहिलं. "माझ्याशी होतं?"

"तुमच्याशी नव्हतं हो."

"मग चालू दे."

उत्तर यायला बरेच आठवडे लागले. शाल्मलीला आधी कळलं, तिने ऑफिसमधूनच फोन केला. खर्च मंजूर झाला होता. ऑपरेशनच्या काळात नर्सिंग होम, नंतर घरी रोज माणूस. तीन महिन्यांनी पुन्हा बघायला येतील, तेवढं मात्र आहे.

"आई, झाला काम," ती म्हणाली.

"झाला नाही, झालं." अलका एका हाताने पद्माकरच्या तोंडाशी चमचा धरून होती. "आणि झालं पण नाही. मी केलं."

शाल्मली हसली. अलका हसली नाही. पद्माकरने घास गिळला की नाही ते तिने घशाला बोट लावून पाहिलं, चमचा खाली ठेवला आणि हॉस्पिटलचा नंबर लावला. तारीख मागायची होती. तीन महिन्यांनी पुन्हा कुणीतरी गोड बाई येऊन सोफ्यावर बसणार होती आणि विचारणार होती, आंघोळ? येऊ दे. पाणीसुद्धा देणार नव्हती ती.