खाणीतल्या पाण्यातला अमीबा

“मणक्यातून काढलेल्या पाण्यात अमीबा दिसलाय. जिवंत आहे, हलतोय,” डॉक्टर म्हणाल्या. मे महिन्यातला गुरुवार, दुपारचे तीन. माझा नवरा भरत, वय बेचाळीस, आत आयसीयूत होता.

आजाराचं नाव त्यांनी कागदावर लिहून दिलं. प्रायमरी अमीबिक मेनिंगोएन्सेफलायटिस. उन्हाने तापलेल्या गोड्या पाण्यात हा अमीबा असू शकतो. पोहताना पाणी नाकात गेलं, तर क्वचित तो वासाच्या नसेवरून मेंदूत पोहोचतो. पाणी पिऊन हा आजार होत नाही. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. बहुतेक रुग्ण वाचत नाहीत, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं.

सुरुवात सोमवारी झाली. भरत न्हावा शेवा बंदरात कंटेनरची कागदपत्रं बघायचा. डोकं दुखतंय म्हणून अर्ध्या दिवसात तळवलीला घरी आला. मंगळवारी ताप, उलट्या. व्हायरल असेल म्हणून गोळ्या घेतल्या. बुधवारी सकाळी त्याची मान वाकेना आणि तो मला त्याच्या बहिणीच्या नावाने हाक मारू लागला. तेव्हा हॉस्पिटल गाठलं.

सीटी स्कॅनमध्ये फारसं काही निघालं नाही. मग लंबर पंक्चर, म्हणजे कमरेत सुई घालून मणक्यातलं पाणी काढणं. मेंदूच्या आवरणाला सूज होती, पण जंतू सापडत नव्हते. अँटिबायोटिक्स सुरू झाली.

“तलावात, विहिरीत पोहायला गेले होते का?” डॉक्टरांनी विचारलं.

मी ठामपणे नाही म्हटलं. आमच्यामागच्या डोंगरात बंद पडलेली दगडखाण आहे, पाण्याने भरलेली. तिथे एकजण बुडाल्यावर मी भरतला त्या पाण्यात न उतरण्याची शपथ घातली होती.

गुरुवारी सकाळी सासूबाई डबा घेऊन आल्या. डॉक्टर तोच प्रश्न पुन्हा विचारत होत्या. ते ऐकून आई, म्हणजे सासूबाई, भिंतीला टेकल्या.

“मागच्या बुधवारी खानीन पवाला गेलता. सुट्टी व्हती त्याची. तुला सांगू नको बोल्ला.”

डॉक्टरांनी तिथूनच लॅबला फोन लावला. ताजा नमुना घेऊन लगेच मायक्रोस्कोपखाली बघितला. अँफोटेरिसिन सुरू झालं, हे बुरशीवरचं औषध, या अमीबावरही वापरतात. मिल्टेफोसिन हे काला-आजार नावाच्या तापावरचं औषध बाहेरून मागवावं लागलं. ते शुक्रवारी संध्याकाळी आलं. तोवर भरत व्हेंटिलेटरवर होता.

रविवारी दुपारी तो गेला.

नंतर मी डॉक्टरांना विचारलं, “बुधवारीच कळलं असतं तर?”

त्या म्हणाल्या, “वाचले असते असं मी म्हणू शकत नाही. नसते वाचले, असंही नाही. औषध एक दिवस आधी सुरू झालं असतं.”

बाहेर बाकावर आई बसल्या होत्या. “काय बोल्ली डॉक्टरीन?”

“काहीच फरक पडला नसता, म्हणाल्या.”

त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

अशा पाण्यात कोणी उतरलं असेल आणि पुढच्या काही दिवसांत ताप, डोकेदुखी सुरू झाली, तर डॉक्टरांना आधी पाण्याचं सांगा. घरात ओरडा बसेल, बसू द्या. आणि घरच्यांनो, माणसाला लपवावंसं वाटेल इतका धाक ठेवू नका. हे मी स्वतःलाच सांगतेय.

डॉक्टर माझ्याशी खरं बोलल्या, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. आईंना वाचता येत नाही, म्हणूनच हे लिहू शकले.