कुत्रा मागे, आबा पुढे: बोईसर ते सातपाटी

लोक बाईक घेऊन लडाखला जातात आणि परत आल्यावर त्यावर बारा-बारा भाग लिहितात. मी मासळीच्या पिकअपमधून बोईसरहून सातपाटीला गेले, सासऱ्यांना आणि कुत्र्याला घेऊन. रस्त्यात कुठे रेंगाळलं नाही तर तासाभराचा प्रवास. आम्हाला अर्धा दिवस लागला. एकाच भागात सगळं सांगते, पण घरी कुत्रा असेल तर नीट वाचा.

आधी मंडळींची ओळख. आबा माझे सासरे, मूळचे साताऱ्याकडचे. सगळी नोकरी तारापूरच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात काढली, पण जिभेवरचा सातारा काही उतरला नाही. ढब्या आमचा कुत्रा. तांबूस, गावठी, अंगानं भरलेला आणि डोक्यानं रिकामा. पिल्लू होता तेव्हा सासूबाईंनी त्याला पदराखाली झाकून घरी आणला होता. सासूबाई गेल्या आणि तेव्हापासून आबा ढब्याला सोडून कुठेही जात नाहीत. सख्ख्या पुतण्याच्या लग्नालाही गेले नाहीत. विचारलं की म्हणतात, "त्यो जेवत न्हाई माझ्याबिगर." ढब्या कोणाच्याही हातचं, कितीही वेळा जेवतो. त्याच्याशिवाय जेवत नाहीत ते आबा.

आता सातपाटीच का? तर तिथले जगन्नाथकाका आबांचे कारखान्यातले जुने जोडीदार. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, खाटेवर पडून रोज आबांना फोन. आबा रोज "येतो, येतो" म्हणायचे आणि ढब्याकडे बघून फोन ठेवायचे. शेअर रिक्षावाल्याला ढब्या लांबून दिसला तरी तो गिअर टाकून निघून जातो. शेवटी नरेश आठवला. हा सातपाटीचा, काकांच्या शेजारचा. पहाटे मासळी भरून बोईसरच्या बाजारात येतो आणि दहाच्या सुमारास रिकामी गाडी घेऊन परततो. परतीच्या गाडीत हा कोणाचं कपाट, कोणाची सायकल असं काहीबाही नेत असतो. म्हटलं, आमचं एक कुत्रं ने.

बाजाराबाहेर गाडी उभी होती. पिकअपच्या हौद्यात वितळलेल्या बर्फाचं पाणी, चार खवले आणि वास. तो वास काय वर्णावा! ढब्यानं आत उडी मारली आणि सगळा पत्रा चाटायला घेतला. देवळात आल्यासारखा चेहरा झाला होता त्याचा. टपरीवर चहा पिणारा एक कामगार आपल्या सोबत्याला म्हणाला, "देख, वीआईपी जा रहे हैं."

इथे पहिला वाद. आबांचं म्हणणं, ढब्या पुढे मांडीवर. नरेशनं नवीन सीट कव्हर घातलेलं. "आबा, मागं मस्त हवा खात येल तो. आमच्याकडची कुत्री मागंच बसतात, काय नाय होत." मीही नरेशच्या बाजूनं. कुत्रा पिकअपमध्ये मागे उभा, कान वाऱ्यावर, असे फोटो मला भारी आवडतात, आणि ब्लॉगला असा एक फोटो हवाच होता. आबांनी दोघांकडे बघितलं, गोणपाट मागितलं, हौद्यात अंथरलं आणि स्वतःच वर चढून बसले. "मग मीबी मागं." सत्तरी उलटलेला माणूस धोतर सावरत कुत्र्याशेजारी बसला आणि सूनबाई पुढे नव्या कव्हरवर. बघणारे काय म्हणत असतील ते तुम्हीच ठरवा.

बोईसर ते पालघर रस्ता तसा बरा, अधूनमधून खड्डे. उमरोळीला एका दुकानाशी थांबून आबांना पाणी दिलं. दोघांचेही केस उभे राहिलेले आणि दोघेही खूश. फोटो काढला. छान आलाय, पण तो इथे टाकणार नाही. का, ते पुढे कळेल.

पालघरच्या चौकात वाहतूक हवालदारानं हात केला.

"आजोबा, उतरा खाली. मालाच्या गाडीत मागं माणूस बसत नाय."

"आणि कुत्रं?" आबांनी विचारलं.

हवालदारानं ढब्याकडे बघितलं. ढब्यानं हवालदाराकडे. "कुत्र्याचं आमाला वरून काय आलेलं नाय," तो म्हणाला.

म्हणजे आबा पुढे, ढब्या मागे. कायद्यानं आमचा वाद मिटवून टाकला. आबांनी दोरी मागून घेतली आणि केबिनमागच्या आडव्या दांडीला ढब्याला बांधला. दोरी चांगली लांब सोडली, त्याला उठता-बसता यावं, सावलीत सरकता यावं म्हणून. मला वाटलं, किती प्रेमानं बांधतायत. (पालघरला वडापाव खायचा असेल तर इथेच खाऊन घ्या. आम्ही खाल्ला, गरम होता, चटणी झणझणीत. ढब्यानं नुसता पाव खाल्ला.)

शिरगाव मागे पडलं. रस्त्याच्या कडेनं एक कोळीण मावशी टोपली घेऊन समोरून येत होती. आम्ही तिच्या बाजूनं पुढे गेलो आणि मागून तिची किंकाळी आली. "अरे थांब रे! थांब मेल्या! कुत्रा लटकलाय!"

टोपलीचा वास आला आणि ढब्यानं उडी मारली. दोरी लांब होती म्हणून तो हौद्याच्या फळकुटावरून बाहेर जाऊ शकला, आणि चारी पाय जमिनीला टेकण्याइतकी लांब नव्हती. मागच्या चाकाशेजारी तो गळ्यानं लोंबकळत होता. मागचे पाय डांबरावर खरडत होते. आवाज नाही. तो भुंकत असता तर बरं वाटलं असतं.

गाडी पुरती थांबायच्या आत आबा खाली. त्यांनी ढब्याला खालून उचलून धरला, पण ढब्या म्हणजे तांदळाचं पोतं. मी मागचे पाय धरले. नरेश हौद्यात चढला आणि गाठ सोडायला लागला, तर दोरी बर्फाच्या पाण्यानं भिजलेली, गाठ वजनानं आवळलेली. ती काही सुटेना. आबा ओरडत होते, "तोड! तोड की लेका!" तेवढ्यात मावशी धावत आली, टोपली खाली टाकली, मासे कापायची सुरी काढली आणि दोरी कापली. ढब्या आबांच्या अंगावर पडला आणि आबा रस्त्यावर.

तो हलत नव्हता. आबा त्याच्या गळ्यातला फास ओढत होते, तो सुटेना. मी सोडवला. मग ढब्या खोकला. घरघरला. पुन्हा खोकला, उठून उभा राहिला, धडपडला, आणि सरळ जाऊन मावशीच्या टोपलीत तोंड घातलं.

"वाचला मेला!" मावशी म्हणाली, आणि दोन मांदेली स्वतःच त्याच्यापुढे टाकली.

एव्हाना माणसं जमली होती. आपल्याकडे गाडी थांबली की तज्ज्ञ उगवतात. एक म्हणाला, दोरी आखूड बांदायची. दुसरा म्हणाला, आखूड बांदला तर वळणावर आपटतो, बांदायचाच नाय. तिसरा म्हणाला, नाय बांदला तर मागच्या गाडीखाली जातो. पिंजऱ्यात घाला, असं एक स्कूटरवाला ऐटीत म्हणाला. त्याच्या स्वतःच्या स्कूटरवर दोन मुलं आणि बायको, हेल्मेट फक्त त्याला.

आबा रस्त्याच्या कडेला बसून ढब्याच्या मानेवरून हात फिरवत होते. दोरीनं त्यांच्या तळव्याचं साल निघालं होतं. मला फार वाईट वाटलं. फोटोच्या नादात मी नरेशची री ओढली नसती तर हा प्रश्नच आला नसता. उरलेला रस्ता ढब्या पुढे, आबांच्या मांडीवर, खवल्यांसकट. सीट कव्हरबद्दल नरेश चकार शब्द बोलला नाही.

सातपाटीला जायचं असेल तर एक सांगते, हे पोहायचं बीच नाही. चिखल आहे, होड्या आहेत, बांबूवर वाळणारे बोंबील आहेत आणि बंधाऱ्यावर बसून ते सगळं बघायला मजा येते. पापलेट घ्यायचं तर सकाळी या आणि भावात कोळणींशी जिंकायचं स्वप्न घरी ठेवून या. काकांच्या घरी सुनेनं तळलेले बोंबील आणि तांदळाची भाकरी वाढली. त्या जेवणासाठी मी पुन्हा जाईन.

काकांनी सगळी हकीकत खाटेवरून ऐकली आणि हसले. "आमची कुत्री कायम मागंच बसतात रे. काय होत नाय. तो लाल्या पडला व्हता तेवडा. आणि मोत्या."

"मग काय होत न्हाई कसं?" आबा.

"बाकीच्यांना काय नाय झालं!"

आबाही हसले. कितीतरी दिवसांनी मी त्यांना असं खळखळून हसताना बघितलं. मग दोघे कारखान्यातल्या गोष्टी सांगत बसले आणि ढब्या काकांच्या खाटेखाली झोपला, मधूनच खोकत.

परतताना नरेश स्वतःहून म्हणाला, "मी सोडतो." आबांनी पुढचं दार उघडलं, ढब्याला मधल्या सीटवर बसवलं, स्वतः खिडकीशी बसले आणि दार लावलं. गाडी भरली. माझ्याकडे बघून म्हणाले, "तू रिक्षानं ये." म्हणून वाचकांच्या माहितीसाठी: सातपाटीहून पालघरला शेअर रिक्षा मिळते, चौथी सवारी भरेपर्यंत सुटत नाही, आणि पालघरहून बोईसरला पुढची सोय सहज होते. मी कडेला अर्धी बाहेर लटकून आले. माझ्याबद्दलही वरून काही आलेलं नसावं.

घरी पोचले तेव्हा आबा ओट्याशी बसून ढब्याच्या मानेला हळद-तेल लावत होते. त्यांचा स्वतःचा तळवा तसाच उघडा. मी मलम आणलं, हात पुढे करा म्हटलं.

"तू त्या तुझ्या बलागमदी लिव्हणार हाईस न्हवं हे?"

"हो."

"मग लिव. कुत्रं मागं बसवायचं न्हाई." त्यांनी हात पुढे केला. मी मलम लावलं. मग ढब्याकडेच बघत म्हणाले, "का म्हणून कुनी इचारलं तर सांग, आमच्या म्हाताऱ्याची बायकू एकदा गेलीया. पुन्यांदा जायला नगं."