हटवारांच्या फाइलमधल्या दोन ओळी

धनराज हटवारांच्या तोंडून 'प'ने सुरू होणारा शब्द मी फार क्वचित ऐकला. पोरीला ते 'लेक' म्हणत, पैशाला 'रक्कम', पॉलिसीला 'विमा'. बोलणं अस्सल भंडाऱ्याकडचं आणि त्यात मधेच एखादा असा पुस्तकी शब्द. मला आधी वाटलं, माणूस वाचणारा असावा. ते 'प' चुकवून चालतात, हे लक्षात यायला मला दोन-तीन भेटी लागल्या. 'पण' तेवढा त्यांना चुकवता येत नसे. तिथे आले की ते उजव्या हाताचा अंगठा काउंटरच्या कडेवर दाबत आणि शब्द सुटेपर्यंत समोरच्याच्या डोळ्यांत बघत राहत. नजर खाली घालत नसत. बऱ्याचदा मलाच ती दुसरीकडे वळवावी लागे.

छत्तीसगडमध्ये, दुर्गला एका विमा कंपनीच्या शाखेत मी क्लेमच्या काउंटरवर बसत असे. पहिल्या दिवशी ते हिंदीत बोलत होते. तेवढ्यात माझ्या आईचा फोन आला आणि मी तिच्याशी मराठीत दोन वाक्यं बोलले. फोन ठेवला तर ते हसत होते. "ताई, तुमी आपल्याच का?" त्या दिवसापासून मी ताई झाले. हथखोजच्या एका कारखान्यात ते लेथवर काम करत, राहायला भिलाईत, रुआबांध्याला. आजोबा भंडाऱ्याकडून आलेले, मराठी घरापुरती उरलेली.

त्यांची मुलगी रुची साडेतीन वर्षांची असताना मेंदूज्वराने आजारी पडली. तीन आठवडे दवाखान्यात होती. वाचली, चालायला लागली, पण बोलणं गेलं. पाणी हवं असलं की ती आईच्या पदराला धरून मडक्यापर्यंत ओढत न्यायची. डॉक्टरांनी स्पीच थेरपी लिहून दिली, आठवड्यातून तीनदा, आणि बजावलं की या वयात जे परत येईल ते येईल, नंतर अवघड होत जातं. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या अशा उपचारांचा खर्च देण्याचं कलम हटवारांच्या पॉलिसीत होतं. मी स्वतः त्यांना ते बोट ठेवून दाखवलं. "मंग काहीच चिंता नाही," ते म्हणाले, आणि भिलाईतल्या एका थेरपीवालीकडे रुचीला न्यायला लागले; बिलं आमच्याकडे येत.

पहिला नकार महिनाभरात आला. बोलायला शिकवणं हे शिक्षण आहे, उपचार नव्हे, असं त्यात होतं. हटवारांनी पत्राची घडी केली आणि म्हणाले, "तापानं नेलं ते वापस आणाचं हाय, ताई. शिकवाचं कुठं हाय? तिले तं सारं येत होतं."

हे कागदावर सिद्ध करायचं त्यांनी मनावर घेतलं. कारखान्यातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून ते येत, आणि दर वेळी हातात नवं काहीतरी असे. एकदा मोबाइल घेऊन आले. त्यात रुची अंगणात कोंबडीच्या मागे धावत होती आणि कोंबडीला नाव घेऊन रागावत होती. स्वच्छ, खणखणीत आवाज. मी सांगितलं, फाइलला व्हिडिओ लावता येत नाही. पुढच्या खेपेला त्यांनी अंगणवाडीच्या सेविकेचं पत्र आणलं: रुची रोज कविता म्हणायची, सगळ्या मुलांना नावाने हाक मारायची. ते मी लावलं. वरून विचारणा आली की सेविका या वैद्यकीय तज्ज्ञ आहेत का. हटवार चिडले नाहीत. "तज्ज्ञ नाही. तिनं ऐकलं, एवढंच," म्हणाले, आणि डॉक्टरांचं पत्र आणायला गेले.

दुसऱ्या अपिलाच्या वेळी मला त्यांची फार दया आली. रायपूरच्या मोठ्या कार्यालयातून त्यांना फोनवर माहिती विचारत, आणि एखाद्या शब्दाशी ते थांबले की समोरचा माणूस फोन ठेवून देई. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं, बोलण्याच्या ओघात आलं होतं. त्या संध्याकाळी मी त्यांच्या नोटशीटवर, फाइलमधल्या ऑफिसच्या शेऱ्यांच्या कागदावर, दोन ओळी लिहिल्या. अर्जदार स्वतः अडखळत बोलतात, त्यांना फोनवर अडवू नये. प्रकरणाचा सहानुभूतीने विचार व्हावा. खाली सही केली. घरी जाताना मला बरं वाटत होतं, हेही इथे सांगायला हवं.

सहा आठवड्यांनी उत्तर आलं. इंग्रजीत होतं, म्हणून हटवारांनी ते मलाच वाचायला सांगितलं. वडिलांना वाचादोष असल्याचं कंपनीच्या निदर्शनास आलं आहे, त्यामुळे मुलीचा दोष आनुवंशिक आणि जन्मजात दिसतो, आणि जन्मजात दोषांना पॉलिसी लागू नाही. मी ते मराठीत सांगितलं. ते निदर्शनास आणणाऱ्या दोन ओळी माझ्याच होत्या.

त्यांनी पत्र माझ्याकडून परत घेतलं. मग म्हणाले, "माह्या बोलण्याचं त्याईले कोनं सांगतलं?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

"कुठं लिहिलं असन ना?"

"वरच्या ऑफिसचं काही कळत नाही, दादा."

त्यांनी अंगठा काउंटरवर दाबला. "प... पण मी तं आठवीपासून असा झालो. ती अडखळत नाही, ताई. ती बोलतच नाही. एवढाही फरक नाही समजत का?"

मी विमा लोकपालाकडे, म्हणजे कंपनीबाहेरच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, दाद मागायचा अर्ज त्यांना काढून दिला, स्वतः भरूनही दिला. तेवढं केलं की झालं, असं मी मनाला समजावलं. नोटशीटचं मात्र सांगितलं नाही. नोकरी जाईल अशी भीती नव्हती. त्यांच्या नजरेतून उतरायची भीती होती.

लोकपालांकडे निकाल हटवारांच्या बाजूने लागला. मेंदूज्वराची कागदपत्रं स्पष्ट होती. कंपनीने सादर झालेल्या सगळ्या बिलांची भरपाई करावी, असा आदेश आला. मी आनंदाने त्यांची वाट बघत होते. ते आले ते एक झेरॉक्स घेऊन. सुनावणीसाठी कंपनीने दिलेल्या कागदांत माझं नोटशीट होतं. त्यांनी ते काचेवर ठेवलं.

"मॅडम, हे तुमचंच ना?"

ताई नव्हे, मॅडम. मी म्हणाले, "चांगल्यासाठी लिहिलं होतं हो."

"समजते मले. चांगल्यासाठीच लिहिलं असन." त्यांचा आवाज चढला नाही. "मी विचारलं तवा सांगाचं होतं. माह्याबद्दल तिकडं कोन सांगणार? मले वाटलं, थेरपीवालीनं सांगतलं. ती माह्याशी दर खेपेला बोले, तिले ठावूक होतं. मी तिच्या दारात उभा राहून नाही नाही ते बोललो. लेकीले तिथून काढलं."

"मग दुसरीकडे..."

"दुसरी होती कुठं भिलाईत लहान लेकरांसाठी? रायपूरले आठवड्यातून तीनदा नेऊ का मी? कारखाना सोडू?" त्यांनी काचेवरचा कागद उचलला. "सात महिने लेक घरी होती. आता त्या बाईले हात जोडाले गेलो, तं ती नागपूरले निघून गेली."

भरपाई सादर झालेल्या बिलांचीच मिळणार होती. त्या सात महिन्यांचं बिलच नव्हतं. जे उपचार झाले नाहीत त्यांची दाद मागायला कुठल्याच फॉर्मवर रकाना नसतो. मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, म्हणजे ऐकलं एवढंच, आणि झेरॉक्स खिशात घालून निघाले.

रुची पुढे थोडं बोलायला लागली. घरच्यांना कळेल एवढं. हे मला त्यांच्याकडून नाही, त्यांच्या बायकोकडून कळलं, दुर्गच्या बाजारात. ज्योतीताई कडवट नव्हत्या. शाळेत पोरं तिला हसतात, म्हणून ती शाळेत तोंडच उघडत नाही, असं त्यांनी सांगितलं आणि भाजीवाल्याकडे वळल्या. मला त्यांच्या मागे जाऊन आणखी काही विचारायचं धैर्य झालं नाही.

हटवार मात्र शाखेत येत राहिले, दुसऱ्यांसाठी. हथखोजच्या कारखान्यांत नाव झालं होतं त्यांचं. कुणाचा क्लेम नाकारला की लोक आधी त्यांना गाठत. पत्र हिंदीत, मुद्दे एकाखाली एक, कलमांचे आकडे बरोबर. वर बसलेले साहेब त्यांच्या अर्जांना वचकून असत. माझ्याशी ते नमस्कार करून, गरजेपुरतं बोलत. मी एकदोनदा घरचं विचारलं. "बरं हाय," म्हणत.

माझ्या बदलीच्या आधीच्या आठवड्यात ते एका वयस्कर वेल्डरला घेऊन आले. त्याच्या नातवाच्या कानाच्या ऑपरेशनचा क्लेम अडला होता. म्हातारा मराठीच निघाला. माझ्या पाटीवरचं आडनाव वाचून तो खुलला आणि सांगायला लागला, नातू कसा, सून कशी, त्याला स्वतःलाही एका कानाने कमी ऐकू येतं...

हटवारांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"काका, मॅडमले काही सांगू नका," ते म्हणाले. "कागद द्या, शिक्का मारून घ्या, अन् चला."