टेकवलेली बॅट

साठ सालच्या आसपास मी फ्रँकफर्टला डॉक्टरेट करत होतो आणि रविवारी बेसबॉल खेळत होतो. पुण्यात क्लबचं क्रिकेट खेळलेला माणूस मी. मैदान दिसलं की मला राहवत नसे.

आमचा कोच अमेरिकन. लष्करातून जर्मनीत आला आणि इथेच राहिला. तरुणपणी तिकडे तो एक उन्हाळा व्यावसायिक बेसबॉल खेळला होता आणि हे छाती फुगवून सांगायचा. “फक्त एकच उन्हाळा?” मी एकदा आगाऊपणे विचारलं. “अख्खा एक उन्हाळा,” तो म्हणाला. मी मनात हसलो, खोटं कशाला बोलू?

माझ्या पहिल्याच सामन्यात शेवटच्या क्षणी सगळं माझ्यावर आलं. मी चेंडू टोलवला आणि जीव खाऊन पळालो, बॅट हातातच. पहिला बेस जवळ येताच लहानपणापासूनच्या सवयीने वाकलो आणि जमिनीवरच्या त्या कापडी उशीला बॅट टेकवली. क्रिकेटमध्ये एवढ्यावर भागतं. इथे पाय लागावा लागतो, आणि माझा पाय लागण्याआधी चेंडू पोचला. मी बाद झालो, आम्ही हरलो. समोरचे पोट धरून हसत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या रविवारी गणवेश परत करायलाच गेलो होतो. आमचा जर्मन कप्तान कोचला सांगत होता, “आल्झो, तर मग डॉक्टरसाहेबांना आता बाहेर बसवू.”

कोचने हातातली खेळाडूंची यादी खाली ठेवली. “त्या उन्हाळ्यात मी एक सोपा चेंडू पायांतून सोडला होता,” तो सगळ्यांदेखत म्हणाला. “दुसऱ्या दिवशी सकाळी मला घरी जाणाऱ्या बसमध्ये बसवलं. पुन्हा कुणी बोलावलं नाही. हा आज खेळेल.” मग माझ्याकडे वळला. “कपडे बदल.”

हे त्याने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. मी गणवेश चढवला.

त्या दिवशी मी चेंडू टोलवला, बॅट टाकली आणि सुटलो. पाय बेसवर पडला, पंचाने हात पसरून मी नाबाद असल्याची खूण केली. धापा टाकत मी कोचकडे पाहिलं. त्याचं लक्षच नव्हतं. तो पुढच्या खेळाडूला हाक मारत होता. मी पोचणार हे त्याने धरूनच ठेवलं होतं. इतका मान मला डॉक्टरेटच्या दिवशीही मिळाला नाही.