बाजाराच्या दिवशी बसवून ठेवलेला मेकॅनिक

लोक मला खुनाच्या गुन्ह्यांबद्दल विचारतात. ते तपास मी बरेचसे विसरलो आहे. विसरता आला नाही तो एक साधा अपघात, कारण त्यात चूक माझी होती. तालुक्याचं नाव सांगत नाही. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात लहान गावी गॅरेजं मोजकीच, माणूस लगेच ओळखू येईल.

आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी एका शिक्षकाची कार अचानक डावीकडे ओढली गेली आणि रस्त्याच्या कडेला भाजी विकणाऱ्या बाईच्या अंगावर गेली. बाईचा पाय मोडला. शिक्षकाच्या डोक्याला मार लागला. दोघांनाही यवतमाळला हलवलं. जाताना शिक्षक एवढंच म्हणाला, "ब्रेक लागले नाहीत." हे वाक्य आम्ही पोलीस कधी मनावर घेत नाही. अपघात झाला की ड्रायव्हर चुकलेला नसतो, नेहमी ब्रेकच चुकतात. मी गुन्हा दाखल केला, घटनास्थळाचा पंचनामा केला आणि गाडीच्या तपासणीसाठी मोटार वाहन निरीक्षकांना पत्र धाडलं.

दुपारी ठाण्यात निनावी फोन आला. "साहेब, त्या गाडीचे ब्रेक पॅड चार दिवसांआधी बदलले. मेकॅनिकनं नकली माल टाकला. त्याले धरा."

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अशी माझी गत झाली. निरीक्षक परवा येणार होते, तेवढाही मला धीर नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळीच मेकॅनिकला बोलावून घेतलं. चाळिशीचा माणूस, मूळचा मारेगावकडचा, एका टिनाच्या शेडमध्ये गॅरेज चालवणारा.

"पॅड कुठले टाकले?"

"कंपनीचेच, साहेब. जुने काढलेले मास्तरच्या हातात देल्ले. जुना पार्ट मी कधी ठेवून घेत नाही. उजव्या चाकातून जरासा आवाज येत होता, थे बी मास्तरले सांगितलं. म्हटलं, आठ दिवसांत बसते, नाही बसला त घेऊन या."

"मग ब्रेक का लागले नाहीत?"

"मास्तरले इचारलं का, पेडल कसं लागत होतं? पेडल खाली बसलं असन, त ऑइल गळलं. फुसफुशीत लागलं असन, त आत हवा गेली. पण पेडल कडक आन् गाडी एकाच अंगाले ओढते, त एक चाक धरते आन् दुसरं धरत नाही. चाक खोलून पाहा, साहेब."

"मला शिकवू नकोस," मी म्हणालो आणि त्याला व्हरांड्यात बसवलं.

माणूस दिवसभर बसवून ठेवला की आपोआप बोलतो, असा माझा समज होता. बाजाराचा रस्ता आमच्या फाटकासमोरून जायचा. भाजीच्या पिशव्या घेऊन जाणारे लोक थांबून त्याच्याकडे बघत होते. दुपारपर्यंत दोघांनी फोन करून, दुरुस्तीला टाकलेल्या गाड्या आम्ही परत नेतो, असं त्याला कळवलं. तो बोलला, पण संध्याकाळी सोडताना.

"साहेब, एखादी थापड मारली असती त चाललं असतं. बाजाराच्या दिवशी कायले बसवलं? आता माह्याकडं ब्रेक दाखवाले कोण येईन?"

मी त्याला हातानेच जायला खुणावलं.

दुसऱ्या दिवशी निरीक्षकांनी उजवं पुढचं चाक खोललं. पॅड अस्सल होते, पण पॅड आणि ते ज्या चकतीवर घासतात ती डिस्क, दोन्ही काळ्या चिकट थराने माखलेली. डावं चाक धरत होतं, उजवं घसरत होतं, म्हणून गाडी डावीकडे ओढली गेली. मेकॅनिकने न पाहता सांगितलं होतं तसंच.

मला लगेच घातपाताचा वास आला. आमच्या हवालदाराला मात्र एरंडीच्या तेलाचा आला. शेतकऱ्याचा मुलगा तो. बोटावर तो चिकटा चोळून म्हणाला, "साहेब, हे ग्रीस नाही. हे बंडीचं वंगण हाये." बंडी म्हणजे आमच्याकडची बैलगाडी. मी दारव्ह्याच्या कारकुनाचा मुलगा, मला ते जन्मात ओळखू आलं नसतं.

आम्ही शिक्षकाच्या घरी गेलो. तो नुकताच दवाखान्यातून आला होता. पेडल कडक होतं, असंही त्याने सांगितलं. विचारणाराच आधी कोणी नव्हता. अंगणात जुनी बंडी उभी होती. वंगणाचा विषय काढताच त्याचे वडील पुढे आले.

"म्याच देल्लं, साहेब. पोराच्या गाडीचं चाक केकाटून राह्यलं होतं. त्याले शाळेची घाई. म्हटलं, त्याले कायले सांगा? चाकाच्या भोकातून काडीनं चांगलं लावलं." मग आमच्या चेहऱ्यांकडे बघून ते थांबले. "म्हंजे त्या बाईचा पाय म्या मोडला?"

उभा जन्म बैलांमागे काढलेल्या त्या माणसाला, ब्रेकचं चाक घासलं तरच धरतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. शिक्षकाने त्यांना धरून खाली बसवलं. मी त्यांचा जबाब लिहून घेतला. पुढे ते दोघे दर आठवड्याला त्या बाईला भेटायला जात. बाकीचं कोर्टाने पाहिलं.

मेकॅनिकचं कोर्ट मात्र वेगळं होतं. पुढच्या बाजाराच्या दिवशी मी माझी गाडी घेऊन गणवेशातच त्याच्याकडे गेलो. शेड रिकामं होतं. त्याने गाडी चालवून पाहिली, दोनदा कचकचून ब्रेक दाबला.

"ब्रेक चांगले हायेत, साहेब."

"तरी पॅड बदलून टाक."

"चांगले पॅड कायले बदलू?"

मला लाज वाटली. मी म्हणालो, "माझं चुकलं."

तो हात पुसत म्हणाला, "मले सांगून काय होते? बाजारानं पाह्यलं, बाजाराले सांगा."

यंत्रात दोष शोधायचा तर आधी ते खोलून पाहतात, एवढं त्याला कळत होतं. मी माणसाचं ऐकून न घेताच त्याला दोषी धरून मोकळा झालो होतो. तो निनावी फोन कुणाचा, तेही शेवटपर्यंत कळलं नाही. त्यानंतरच्या नोकरीत मी एकालाही नुसत्या फोनवरून व्हरांड्यात बसवलं नाही.

त्या दिवशी मी गॅरेजसमोर एका जुन्या टायरवर बसलो. येणारा-जाणारा थांबून विचारायचा, "साहेब, इथं काहून?" मी प्रत्येकाला सांगत होतो, याचं काम चोख होतं, चूक माझी झाली. बाजार उठत आला, तेव्हा एका जीपवाल्याने गाडी वळवून आत घेतली आणि मेकॅनिकला हाक मारली, "भाऊ, जरा ब्रेक पाहून दे." मग मी उठलो.